एक गल्ली, पाच सिनेमे: बॅटमॅनच्या चित्रपटांची तुलना कशी करावी

बॅटमॅनचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी 'सगळ्यात भारी बॅटमॅन कोण' या प्रश्नावर येते. कोणी मायकल कीटनचं नाव घेतं, कोणी ख्रिश्चन बेलचं, आणि रॉबर्ट पॅटिन्सनचे चाहतेही आता मागे राहत नाहीत. अशा वादाला रंग चढतो, पण त्यातून सिनेमा फारसा कळत नाही. कोण कोणत्या वयात काय पाहून मोठं झालं, एवढंच कळतं. खरी तुलना करायची असेल तर नट बाजूला ठेवून असा एक प्रसंग धरावा लागतो, जो टाळणं कुठल्याच दिग्दर्शकाला सोपं गेलेलं नाही.

बॅटमॅनच्या बाबतीत तो प्रसंग आयताच हाती येतो. लहानगा ब्रूस वेन, म्हणजे पुढे बॅटमॅन होणारा मुलगा, आईवडिलांबरोबर रात्री खेळ पाहून बाहेर पडतो, एक माणूस बंदूक घेऊन समोर येतो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत दोघांना गोळ्या घालतो. हे सगळं मिनिटाभराचं काम. पण गोळी कोणी झाडली आणि का झाडली, याचं उत्तर प्रत्येक सिनेमाने वेगळं दिलं आहे, आणि त्या उत्तरावरच ठरतं की पुढे दोन-अडीच तास बॅटमॅन नेमका कोणाशी लढणार. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं असतं, की आधी ती गल्ली नीट बघ, बाकीचं नंतर.

पहिलं काम: यादी कापा

1943 सालच्या पंधरा भागांच्या मालिकापटापासून आजवर बॅटमॅन इतक्या वेळा पडद्यावर आला आहे, की सगळं बघायला बसलात तर तुलना करण्याआधीच दमून जाल. पाच सिनेमे पुरेत: टिम बर्टनचा 'बॅटमॅन' (1989), ख्रिस्तोफर नोलनचा 'बॅटमॅन बिगिन्स' (2005), झॅक स्नायडरचा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' (2016), टॉड फिलिप्सचा 'जोकर' (2019) आणि मॅट रीव्ह्जचा 'द बॅटमॅन' (2022). ज्या क्रमाने प्रदर्शित झाले त्याच क्रमाने बघा. प्रत्येक दिग्दर्शकाला आधीचे सिनेमे ठाऊक होते, आणि प्रेक्षकांनाही ते ठाऊक आहेत हे तो धरून चालतो. क्रम उलटा केलात तर हा धागा हाती लागत नाही.

यादीत 'जोकर' बघून काहींना आश्चर्य वाटेल, कारण तो बॅटमॅनच्या शत्रूवरचा सिनेमा आहे आणि त्यात बॅटमॅन नाहीच. पण गल्ली आहे, आणि ती फार महत्त्वाची आहे. 2008 सालचा 'द डार्क नाइट' मी मुद्दाम बाहेर ठेवला. तो थोर सिनेमा आहे याबद्दल मला शंका नाही, पण त्यात गल्ली दाखवलेली नाही. त्याची पाळी पुढे येईल.

ॲडम वेस्टने बॅटमॅन साकारलेला 1966 सालचा रंगीबेरंगी सिनेमा आणि जोएल शूमाकरचे 1995 व 1997 सालचे दोन सिनेमे सध्या राहू द्या. ते टाकाऊ आहेत असं नाही. त्यांचा सूर इतका वेगळा आहे, की पहिल्याच तुलनेत त्यांच्यावर अन्याय होतो.

दोन सूचना. हिंदी डबिंगमध्ये पाहणार असाल तर निदान गल्लीचा प्रसंग मूळ इंग्रजीत, सबटायटल्स लावून पुन्हा बघा, कारण या प्रसंगात बोलणं मोजकंच आहे आणि एकेक शब्द मोलाचा आहे. दुसरी गोष्ट, स्नायडरच्या सिनेमाच्या दोन आवृत्त्या आहेत. चित्रपटगृहात लागलेली अडीच तासांची, आणि नंतर आलेली सुमारे तीन तासांची. आपण कोणती पाहिली हे वहीत लिहून ठेवा, नाहीतर चर्चेत दोघं जण दोन वेगळ्या सिनेमांवर भांडत बसतात.

दुसरं काम: मुळातली दोन पानं

बॅटमॅन पहिल्यांदा छापला गेला तो 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या 27 व्या अंकात, 1939 साली. चित्रकार बॉब केन, लेखक बिल फिंगर. फिंगरचं नाव निर्माता म्हणून अधिकृतपणे लागायला 2015 उजाडलं, तोपर्यंत त्याला जाऊन चाळीस वर्षं उलटली होती. सिनेमाच्या श्रेयनामावलीत ते नाव दिसतं का, हेही बघत जा.

गंमत अशी, की पहिल्या अंकात आईवडिलांच्या खुनाचा पत्ताच नाही. तो आला सहा महिन्यांनी, 33 व्या अंकात, आणि तोही अवघ्या दोन पानांत. त्यात गल्ली नाही, मोत्यांचा सर हवेत विखुरत नाही. सिनेमा पाहून घरी निघालेलं कुटुंब आहे, हार मागणारा एक निनावी लुटारू आहे आणि मेणबत्तीच्या उजेडात शपथ घेणारं पोर आहे. लुटारूला जो चिल हे नाव 1948 साली मिळालं. आज आपल्याला जे दृश्य 'मूळ' वाटतं, म्हणजे संथ गतीने तुटणारा सर आणि उसळणारे मोती, ते 1986 साली कॉमिक्सकार फ्रँक मिलरने रेखाटलं.

हे ठाऊक असलं की एक मोठा घोळ टळतो. 'हा सिनेमा कॉमिक्सशी प्रामाणिक नाही' असं कोणी म्हणालं की विचारा, कोणत्या कॉमिक्सशी? 1939 चा बॅटमॅन पहिल्याच कथेत एका गुन्हेगाराला ठोसा मारून ॲसिडच्या टाकीत पाडतो आणि त्याला त्याचं काहीही वाटत नाही. जीव घ्यायचा नाही हा नियम त्यानंतर आला. ऐंशीहून जास्त वर्षांत शेकडो हातांनी लिहिलेल्या पात्राशी एकाच अर्थाने प्रामाणिक राहता येत नाही. कोणत्या दशकातला धागा या दिग्दर्शकाने उचलला, एवढंच विचारता येतं.

सगळं वाचायची गरज नाही. मिलरने लिहिलेलं आणि डेव्हिड मॅझुकेलीने चितारलेलं 'बॅटमॅन: इयर वन' (1987) एवढं एक मिळवून वाचा. चारच अंक आहेत, आणि नोलन आणि रीव्ह्ज या दोघांनीही त्यातून भरपूर घेतलं आहे.

तिसरं काम: गल्लीत उभे राहा

आता मुख्य काम. पाचही सिनेमांतला हा प्रसंग शोधा आणि प्रत्येक वेळी वहीत चार गोष्टी टिपा: कुटुंब काय पाहून आलं, बंदूक कोणाच्या हातात आहे, वडील काय करतात, आणि मुलगा तिथून काय घेऊन जातो.

बर्टनपासून सुरू करू. त्याचा सिनेमा उघडतो तेव्हा आई, वडील आणि मुलगा रात्री गोथममध्ये, म्हणजे बॅटमॅनच्या काल्पनिक शहरात, वाट चुकलेले दिसतात आणि त्यांना लुटलं जातं. कॉमिक्स वाचलेला प्रेक्षक मनात म्हणतो, आलं, हेच ते वेन कुटुंब. तेवढ्यात छपरावर बॅटमॅन उतरतो आणि लक्षात येतं की हे कोणी दुसरेच लोक होते. खरी गल्ली येते सिनेमा बराच पुढे गेल्यावर, ब्रूसच्या आठवणीत. आणि तिथे बंदूक धरलेला तरुण निघतो जॅक नेपियर, म्हणजे पुढे जोकर होणारा माणूस. गोळ्या झाडल्यावर तो पोराला विचारतो, चांदण्यात सैतानाबरोबर कधी नाचला आहेस का? हाच प्रश्न जोकर वर्तमानात पुन्हा विचारतो, आणि त्यावरूनच ब्रूसला खुनी ओळखू येतो.

हे कॉमिक्समध्ये नव्हतं, आणि बऱ्याच वाचकांना ते आजही खटकतं. पण त्याने काय झालं बघा. गोथमचा सगळा अंधार एका माणसात गोळा झाला. जोकरने बॅटमॅन घडवला, बॅटमॅनने जोकरला रसायनात पडू दिलं, आणि मनोऱ्यावर दोघं समोरासमोर आले की हिशेब पुरा. सूडकथा म्हणून हे घट्ट विणलेलं आहे, पण सूड उगवल्यावर या माणसाने पुढच्या रात्री मुखवटा का चढवावा, याचं उत्तर सिनेमाकडे नाही.

नोलनने नेमकी हीच अडचण ओळखली असं मला वाटतं. त्याचं वेन कुटुंब सिनेमा नाही, ऑपेरा पाहायला गेलं आहे. रंगमंचावर वटवाघळासारख्या आकृती नाचतात, विहिरीत पडल्यापासून वटवाघळांना घाबरणारा ब्रूस अस्वस्थ होतो आणि वडिलांना म्हणतो, चला इथून. वडील त्याची भीती चारचौघांत उघडी पडू देत नाहीत, सगळे मागच्या दाराने बाहेर पडतात. तिथे जो चिल उभा आहे. म्हणजे खून झाला तो मुलाच्या भीतीमुळे, निदान मुलाचा तसा समज आहे. वडील पाकीट निमूट देतात, चिलचा हात आईच्या मोत्यांकडे जातो तेव्हा मात्र ते मध्ये येतात. मरताना ते मुलाला सांगतात, घाबरू नकोस.

आणि चिल कसा आहे? घाबरलेला आणि कफल्लक. त्याआधी आगगाडीत वडिलांनी ब्रूसला सांगितलेलं असतं, की शहरावर वाईट दिवस आले आहेत. पुढे तरुण ब्रूस कोटाच्या बाहीत पिस्तूल लपवून चिलला मारायला न्यायालयात जातो, आणि त्याच्याआधीच दुसरी एक बाई चिलला गोळी घालते, माफिया फाल्कोनीच्या सांगण्यावरून. सूड हातचा गेला. ब्रूस पिस्तूल पाण्यात भिरकावतो. इथून पुढे लढाई माणसाशी उरत नाही. ती भीतीशी आहे, आणि चिलसारखी माणसं तयार करणाऱ्या शहराशी आहे. या सिनेमात बॅटमॅनचा पोशाख जवळपास तासभर दिसत नाही, तरी कंटाळा येत नाही, त्याचं कारण हे.

आणखी एक बारीक जागा. खुनानंतर पोलीस चौकीत एक साधा पोलीस मुलाच्या खांद्यावर त्याच्या वडिलांचा कोट टाकतो. तो जिम गॉर्डन, पुढे बॅटमॅनचा पोलीस दलातला साथी. सिनेमाच्या मालिकेत हा कोट फार लांबवर जातो. 2012 साली 'द डार्क नाइट राइझेस'च्या शेवटी बॅटमॅन स्वतःची ओळख गॉर्डनला देतो ती नाव न सांगता, या कोटाची आठवण करून देऊन. एकाच वस्तूवर सात वर्षांनी असा हात ठेवणं, हे तीन सिनेमे एकाच दिग्दर्शकाकडे असल्याशिवाय होत नाही. तुलना करताना ही सवलत नोलनला होती आणि स्नायडरला नव्हती, हे लक्षात ठेवा.

स्नायडर हा प्रसंग श्रेयनामावलीबरोबरच उरकतो. आपल्याला हे पाठ आहे हे त्याला माहीत आहे, म्हणून तो कथा सांगत नाही, चित्र दाखवतो. पिस्तुलाची नळी मोत्यांच्या सरात अडकते, गोळी सुटते आणि सर तुटतो. मिलरची ती चौकट इथे जवळजवळ जशीच्या तशी हलताना दिसते. पण वडिलांकडे बघा. नोलनचे वडील शांत आहेत, स्नायडरचे वडील मूठ वळून पुढे जातात, आणि अखेरचा शब्द उच्चारतात तो बायकोचं नाव, मार्था. मुलगा हीच मूठ घेऊन मोठा होतो. बेन ॲफ्लेकचा बॅटमॅन सगळ्यांत रागीट आणि सगळ्यांत निर्दय आहे, आणि त्याला भानावर आणायला पुन्हा तेच नाव कानावर पडावं लागतं. त्या जागेची जगभर टिंगल झाली. मला ती टिंगल घाईची वाटते. त्या नावाची तयारी पहिल्या पाच मिनिटांत केलेली आहे. फसलं असेल तर ते संवादात, कल्पनेत नाही.

'जोकर'मध्ये आपण पहिल्यांदाच गल्लीच्या दुसऱ्या बाजूने येतो. शहरात दंगल पेटली आहे, श्रीमंत थॉमस वेनबद्दल लोकांच्या मनात राग साठला आहे, आणि विदूषकाचा मुखवटा घातलेला एक दंगेखोर त्या कुटुंबाच्या मागे गल्लीत शिरतो. त्याला नाव नाही. आर्थर फ्लेक, म्हणजे जोकर, तिथे हजरही नाही. तरी गोळी त्याच्यामुळे सुटली. बर्टनचा जोकर स्वतः खुनी होता, इथला जोकर खुनाचं वातावरण आहे. तीस वर्षांत एकाच गल्लीत झालेला हा बदल लागोपाठ दोन प्रसंग लावून बघा. थॉमस वेनही इथे दानशूर डॉक्टर नाही, तुसडा धनाढ्य आहे. आतापर्यंत आपण नेहमी त्या मुलाच्या उंचीवरून ही घटना पाहिली होती, त्यामुळे वडील चांगलेच असणार हे आपण न विचारता धरलं होतं.

आणि रीव्ह्ज? तो गल्ली दाखवतच नाही. वहीतलं पान कोरं राहील, तसंच राहू द्या. त्याऐवजी काय दाखवलं ते शोधा. शहराच्या महापौराचा खून होतो आणि त्याच्या लहान मुलाला वडिलांचा मृतदेह सापडतो. तपासाला आलेला बॅटमॅन त्या मुलाकडे बघत राहतो. शब्द एकही नाही. पुढे अंत्यविधीच्या वेळी गर्दीत घुसलेल्या गाडीसमोरून ब्रूस त्याच मुलाला ओढून वाचवतो. सगळी गल्ली त्या दोन नजरांत मावली आहे. ब्रूसच्या आईवडिलांना कोणी मारलं हे इथे शेवटपर्यंत पक्कं कळत नाही. फाल्कोनी एक सांगतो, वेन घराण्याचा जुना कारभारी आल्फ्रेड म्हणतो की कदाचित तसं असेल, किंवा तो एखादा घाबरलेला भुरटा असेल. खुनी निश्चित नाही म्हणून सूडही निश्चित होत नाही, आणि स्वतःला सूड म्हणवून घेणारा हा तरुण शेवटी पाण्यात उतरून लोकांना वाट दाखवतो. पाचांत मला ही मांडणी सगळ्यांत प्रगल्भ वाटते.

चौथं काम: मानेकडे बघा

कथेनंतर शरीर. यासाठी एकच गोष्ट पाहायला सांगतो, बॅटमॅन मान वळवतो का?

बर्टनचा बॅटमॅन म्हणजे कीटन, त्याच्या पोशाखात मुखवटा आणि मान यांचं रबर एकसंध होतं. त्याला डोकं वळवताच येत नसे. मागे बघायचं तर कमरेपासून सगळं अंग फिरवावं लागे. त्याने ही अडचण अभिनयात जिरवली. तो कमी हलतो, हलला की सबंध हलतो, आणि त्यामुळे माणसापेक्षा एखाद्या पुतळ्यासारखा भीतिदायक वाटतो. 2008 च्या 'द डार्क नाइट'मध्ये ब्रूस चक्क त्याला साधनं पुरवणाऱ्या लुशियस फॉक्सकडे तक्रार करतो की मला डोकं वळवता आलं पाहिजे, आणि त्याला नवा पोशाख मिळतो. एका सिनेमाची तांत्रिक अडचण दुसऱ्या सिनेमात कथेचा भाग झाली. मान वळू लागल्यावर मारामारीचा वेग बदलला, कॅमेरा जवळ आला.

डोळ्यांभोवतीचा काळा रंगही असाच. मुखवट्याच्या भोकांतून कातडी दिसू नये म्हणून सगळेच नट तो लावतात. 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये (1992) कीटन सेलिनासमोर, म्हणजे कॅटवूमनसमोर, मुखवटा फाडून काढतो, त्याच्या क्षणभर आधी तो रंग गुपचूप नाहीसा झालेला असतो. थांबवून थांबवून बघा, दिसेल. रीव्ह्जच्या सिनेमात पॅटिन्सन मुखवटा काढतो तेव्हा मात्र तो रंग घामाने ओघळलेला, चेहऱ्यावर तसाच आहे. पहिल्या सिनेमाला ब्रूस आणि बॅटमॅन ही दोन वेगळी माणसं हवी होती. दुसऱ्यात मुखवटा काढला तरी बॅटमॅन जात नाही.

पाचवं काम: आवाज बंद करून शहर, डोळे मिटून संगीत

हे झटपट होतं. प्रत्येक सिनेमाची दहा मिनिटं आवाज बंद करून बघा. बर्टनचं गोथम लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत उभारलं होतं. अँटन फर्स्टच्या त्या कला-दिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं, आणि ते जगातल्या कुठल्याच शहरासारखं दिसत नाही. 'द डार्क नाइट'चं गोथम उघडउघड शिकागो आहे, भर दुपारचं. रीव्ह्जचं गोथम लिव्हरपूल आणि ग्लासगोच्या जुन्या दगडी इमारतींतून आणि न थांबणाऱ्या पावसातून तयार झालं आहे. 'द डार्क नाइट राइझेस'मध्ये ब्रूस खोल तुरुंगातून वर येतो तेव्हा मागे जोधपूरचा मेहरानगड किल्ला दिसतो, तोही ओळखून ठेवा.

मग डोळे मिटून ऐका. बर्टनच्या सिनेमातलं डॅनी एल्फमनचं संगीत मिरवणुकीसारखं चालून येतं. नोलनच्या सिनेमात हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांनी नायकाला जवळजवळ दोनच सूर दिले, म्हणजे धून पुरी होण्याआधीच संपते. रीव्ह्जच्या सिनेमातले मायकल जिआकिनोचे चार सूर अंत्ययात्रेच्या चालीवर पडतात. या संगीतकारांची नायकाबद्दलची समजूत तुम्हाला एकही चौकट न बघता कळेल.

सहावं काम: लिहायला बसा

वही भरली असेल तर आता लिहा, पण पाच सिनेमांचे पाच परिच्छेद पाडू नका. त्याने पाच छोटी परीक्षणं होतात, तुलना होत नाही. एक प्रश्न घ्या आणि सगळे सिनेमे त्यातून फिरवा. उदाहरणार्थ, 'बॅटमॅन जीव घेतो का?' कीटनचा घेतो, आणि सिनेमा त्यावर थांबतही नाही. नोलनच्या सिनेमातला बेलचा बॅटमॅन शेवटी शत्रू झालेल्या आपल्या गुरूला म्हणतो की मी तुला मारणार नाही, पण वाचवायला मी बांधील नाही. या वाक्यावर दोन माणसं रात्रभर बोलू शकतात. ॲफ्लेकचा बेधडक घेतो. पॅटिन्सनचा बेदम मारतो पण जीव घेत नाही. आता प्रत्येकाचं उत्तर त्याच्या गल्लीशी जोडून बघा, जुळतं का. स्नायडरचं जुळतं. बर्टनचं जुळतं. नोलनचं थोडं अडतं, आणि जिथे अडतं तिथेच तुमच्या लेखाला धार येते.

'बजेट किती, कमाई किती' हे लेखात आणू नका. आणि एक सिनेमा दुसऱ्याची मोजपट्टी करू नका. नोलनकडे जे आहे ते बर्टनकडे नाही, हे म्हणणं सोपं असतं. बर्टनला ते हवंच नव्हतं का, हे आधी तपासा.

वेळ असेल तर 1993 सालचा 'मास्क ऑफ द फँटाझम' हा ॲनिमेशनपट या सगळ्यानंतर बघा. जेमतेम सव्वा तासाचा आहे. त्यात तरुण ब्रूस प्रेमात पडतो आणि भर पावसात आईवडिलांच्या थडग्यापाशी येऊन विनवतो, की मला शपथेतून मोकळं करा, मी सुखी होईन हे मी धरलंच नव्हतं. गल्लीचं ओझं इतकं उघड कुठल्याच जिवंत नटाच्या सिनेमात बोललं गेलेलं नाही.

ही पद्धत दुसऱ्या नायकावर लावायची असेल तर स्पायडरमॅन घ्या, तिथे गल्लीची जागा अंकल बेनचा मृत्यू घेतो. 2002 च्या सिनेमात पीटर चोराला जाऊ देतो आणि तोच चोर काकांना मारतो असं आपण मानून चालतो. 2007 च्या तिसऱ्या भागात खुनी वेगळाच निघतो. 2012 मध्ये प्रसंग पुन्हा नव्याने चित्रित झाला. 2017 पासूनच्या टॉम हॉलंडच्या सिनेमांनी बेनचा मृत्यू दाखवलाच नाही, आणि 2021 मध्ये जबाबदारीचं ते प्रसिद्ध वाक्य काकांऐवजी मे काकूच्या तोंडी आलं, तिच्या मृत्यूच्या काही क्षण आधी. वहीत नवं पान उघडा आणि 2002 पासून सुरू करा.